ओरडायला मनाई असलेला सामुराई

‘फायनल फँटसी चौदा’ या ऑनलाइन खेळात सामुराई व्हायचं असेल, तर आधी दुसरं कुणीतरी होऊन पन्नासाव्या लेव्हलला पोचावं लागतं. भालाईत व्हा, धनुर्धारी व्हा, जादूटोणा करा, लोकांच्या जखमा भरा. पन्नास लेव्हली इमानेइतबारे झिजलात, की मग तुमच्या कमरेला ती बाकदार तलवार लागते. जपानच्या एदो काळात सामुराईपण बहुतेकांना जन्मानेच मिळायचं. इथे ते खात्यांतर्गत बढतीने मिळतं. उभी हयात बँकेत काढलेल्या बाईला ही पद्धत अजिबात परकी वाटली नाही.

हो, बाईलाच. मी स्वेच्छानिवृत्ती घेतलेली बँक अधिकारी आहे, ठाण्याला राहते आणि रात्री सामुराई असते. हे वेड माझ्या भाच्याचं. तो जर्मनीत ड्युसेलडॉर्फला असतो. त्या शहरात जपानी लोकांची वस्ती मोठी, त्यामुळे आमचा मुलगा तिथे जर्मन कमी आणि जपानी जास्त झाला आहे. “आत्या, तू दिवसभर करतेस काय?” असं त्याने फोनवर विचारलं. व्हीआरएस घेतलेल्या माणसाला हा प्रश्न जो तो विचारतो. पण उत्तरादाखल तलवार देणारा हा एकटाच निघाला.

खेळाचा पूर्वेतिहास त्यानेच सांगितला, आणि तो ऐकून माझा या कंपनीबद्दलचा आदर वाढला. २०१० साली हा खेळ पहिल्यांदा बाजारात आला तेव्हा तो इतका वाईट होता, की कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. मग नाओकी योशिदा नावाच्या गृहस्थांकडे सूत्रं दिली. त्यांनी जुना खेळ चालू ठेवून आतल्या आत नवा बांधायला घेतला आणि २०१२च्या नोव्हेंबरात कथेतला एक चंद्र आकाशातून खाली पाडून जुनं जग बंद करून टाकलं. २०१३च्या ऑगस्टमध्ये नवं जग सुरू. ताळेबंद जुळेना म्हणून चंद्र पाडून शाखा बंद करण्याची सोय आमच्याकडे असती, तर मार्चअखेरच्या कितीतरी रात्री सुखाच्या गेल्या असत्या. सामुराई या जगात आला तो आणखी चार वर्षांनी, जून २०१७ मध्ये.

पहिली अडचण नावाची. नाव आणि आडनाव मिळून वीस अक्षरं, तीही रोमन लिपीत. मधल्या नावाला रकानाच नाही. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये आल्याशिवाय मराठी माणसाचं केवायसी पूर्ण होत नाही, हे जपानी कंपनीला कुणी सांगावं? गोपाळ गणेश आगरकरांना इथे यायचं तर गणेश दाराबाहेर ठेवावा लागेल. ‘पुरुषोत्तम देशपांडे’ मात्र मोजून पाहिलं तर अकरा अधिक नऊ, बरोबर वीस. एकही अक्षर जास्त नाही, एकही जागा वाया नाही. पु.लं.ना सामुराई होण्यापासून निदान नावाने तरी अडवलं नसतं.

शिवाय एका सर्व्हरवर एक पूर्ण नाव एकालाच. त्यामुळे जगातल्या सगळ्या हौशी मंडळींनी चांगली जपानी नावं कधीच लाटलेली आहेत आणि उशिरा आलेल्यांच्या वाट्याला स्पेलिंग बिघडवलेले मुसाशी आले आहेत. दोन ‘एस’वाला मुसाशी, शेवटी ‘एच’ लावलेला मुसाशी, मधला ‘यू’ गाळलेला मुसाशी. चेक वटवायला आले असते तर एकाचीही सही मी पास केली नसती. मी स्वतः घेतलेलं नाव इथे सांगत नाही, कारण त्यातलं आडनाव आमच्या एका जुन्या मॅनेजरसाहेबांचं आहे आणि त्यांना मी दर रात्री निदान दोनदा तरी मरू देते.

आता मुद्द्याचं. हा खेळ फुकट आहे. म्हणजे पूर्ण नाही, पण सत्तराव्या लेव्हलपर्यंत, मुदतीच्या बंधनाशिवाय. आधी ही मर्यादा साठ होती आणि सामुराई तीत बसत नव्हता; २०२३च्या ऑक्टोबरात ती सत्तरवर नेली आणि त्याबरोबर सामुराईही फुकटात आला. मी लगेच खातं उघडलं. पण फुकटाच्या अटी बारीक अक्षरात असतात आणि बारीक अक्षर वाचणं हा माझा व्यवसाय होता. अट एक : तीन लाख गिल, म्हणजे तिथली नाणी, यापेक्षा जास्त रक्कम जवळ बाळगता येणार नाही. अट दोन : बाजारफळ्यावर खरेदी-विक्री नाही. अट तीन : कुठल्याही कंपनीत, म्हणजे खेळाडूंच्या टोळीत, सामील होता येणार नाही. अट चार : स्वतः पार्टी, म्हणजे मोहिमेपुरती तुकडी, जमवता येणार नाही, कुणी बोलावलं तर जावं. अट पाच : ओरडता येणार नाही.

पाचवी अट मी पुन्हा वाचली. खेळात बोलण्याचे प्रकार असतात : जवळच्याला ऐकू जाईल असं बोलणं, हाक मारणं, सगळ्या परिसरात घुमेल असं ओरडणं, लांबच्याच्या कानात कुजबुजणं. फुकट्यांना फक्त पहिला प्रकार. तलवार आहे, शिरस्त्राण आहे, डोळ्यांत अंगार आहे, पण शत्रूवर तुटून पडताना आवाज सोसायटीच्या नियमांत ठेवायचा.

भाच्याला वाटलं मी नाराज होईन. मी उलट खूश झाले. धनी नाही, कुळ नाही, गाठीला पैसा नाही, कुणी बोलावलं तरच लढाईला जायचं, आणि तेही गुपचूप. जपानात अशा माणसाला रोनिन म्हणतात. पैसे भरून खेळणाऱ्या माझ्या भाच्याला टोळी आहे, घर आहे, नोकर आहेत, बाजारात पत आहे. तो सामुराईच्या वेशातला व्यापारी. अस्सल माल फुकटवाल्यांकडेच आहे.

सामुराईची दीक्षा मिळते ती उल्दा नावाच्या वाळवंटातल्या शहरात, मुसोसाई नावाच्या वृद्ध तलवारबाजाकडून. जागेची निवड नामी आहे. उल्दामध्ये राजगादी आहे, पण सत्ता शेटजींची. पैसा बोलतो आणि बाकीचे ऐकतात. तिथे हा म्हातारा न्याय, धर्म वगैरे शिकवत असतो. मी मनातल्या मनात त्याचं जोखीम-मूल्यांकन केलं आणि शिष्य झाले.

तलवार चालवण्याचं तंत्र आता सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नुसती नावं ठेवायला बसले आहे. सामुराईचा प्रत्येक हल्ला हा दोन किंवा तीन घावांची माळ असतो. हाकाझे, जिनपू, गेक्को : ही पहिली माळ, आणि गेक्को शत्रूच्या पाठीमागून मारायचा. हाकाझे, शिफू, काशा : ही दुसरी, आणि काशा शत्रूच्या कुशीवर. हाकाझे, युकिकाझे : ही तिसरी, कुठूनही चालते. प्रत्येक माळ पुरी झाली की पडद्यावर एक खूण उजळते. एक चंद्राची, एक फुलाची, एक बर्फाची. तिन्ही उजळल्या की तलवार म्यान करून, क्षणभर स्थिर उभं राहून, एकच प्रचंड वार : मिदारे सेत्सुगेक्का. बर्फ, चंद्र आणि फूल हे त्रिकूट थेट तांग काळातल्या बाइ जूयी या चिनी कवीकडून आलेलं. जपानी चित्रकलेत ते शतकानुशतकं फिरतं आहे. ऋतूंचं सौंदर्य आणि दूर गेलेल्या मित्राची आठवण यांच्यासाठी जन्मलेली ही तीन चिन्हं मी रात्री एक वाजता एका सहा हातांच्या राक्षसाच्या नडगीवर वापरते.

मी ‘नडगी’ उगाच म्हणत नाही. या खेळातले मोठे बॉस इतके मोठे असतात, की तलवारवाल्याला संपूर्ण लढाईभर त्यांचे घोटेच दिसतात. धनुर्धारी लांबून सगळा देखावा बघतात, जादूगार बघतात, आम्ही टाचेपाशी. शिवाय पाठीमागून, कुशीवरून असं फिरत राहायचं, आणि बॉसचं तोंड कुठे वळेल हे टँकच्या मर्जीवर. टँक म्हणजे सगळे मार अंगावर घेणारा ढालधारी. चांगला टँक बॉसला एका दिशेला तोंड करून उभा करतो आणि तसाच ठेवतो. वाईट टँक स्वतःच नाचतो. मग बॉस त्याच्यासोबत गोल फिरतो आणि बॉसच्या पाठीमागे जाण्यासाठी आम्ही बॉसभोवती गोल फिरतो. लढाई संपते तेव्हा कुणी जिंकलेलं असो, प्रदक्षिणा सगळ्यांच्या पूर्ण झालेल्या असतात.

तो महावार मारताना सेकंदभर हलायचं नाही, हा नियम. आणि नेमक्या त्याच सेकंदाला पायाखाली नारिंगी वर्तुळ उगवतं. वर्तुळ म्हणजे सूचना : इथे थोड्याच वेळात काहीतरी पडणार आहे, बाजूला व्हा. बाकीचे बाजूला होतात. सामुराईसमोर मात्र तत्त्वाचा प्रश्न असतो. तिन्ही खुणा उजळल्या आहेत, तलवार म्यानात आहे, अर्धा वार झाला आहे. आता हटायचं? खेळाडू या प्रवृत्तीला ‘ग्रीड’ म्हणतात. सामुराई स्वतः तिला शौर्य म्हणतो. हीलरकडे, म्हणजे जखमा भरणाऱ्याकडे, तिसरा शब्द असतो, पण तो फक्त त्याच्या घरच्यांना ऐकू जातो.

त्यातून माझं घर ठाण्याला. या खेळाची सर्व्हर-केंद्रं जपान, उत्तर अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजूला आहेत. भारतात एकही नाही. भाच्यामुळे मी युरोपात नाव नोंदवलं. म्हणजे माझी तलवार ठाण्यात उपसली जाते, घाव बहुधा वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून समुद्राखालच्या केबलमध्ये शिरतो, अरबी समुद्र, तांबडा समुद्र करत युरोपात पोचतो आणि तिथे लागला की नाही ते परत येऊन सांगतो. या फेरीला जो वेळ लागतो त्याला पिंग म्हणतात. माझ्या पडद्यावर मी वर्तुळाच्या बाहेर, सुरक्षित, तलवार पुसत उभी असते. युरोपातल्या हिशेबात मात्र मी अजून आतच असते आणि मरते. दोन शाखांच्या खात्यांतला मेळ बसेपर्यंत जो काळ जातो, त्या काळात जे होतं ते खरं की खोटं, यावर मी नोकरीत असताना पानंच्या पानं टिपणं लिहिली आहेत. इथे टिपण लिहायला वेळ मिळत नाही.

सामुराईच्या स्वभावाबद्दलही सांगायला हवं. भालाईत, निंजा, भिक्षू या सगळ्यांकडे पूर्ण पार्टीचा मारा वाढवणारी एखादी तरी युक्ती असते. सामुराईकडे तसली एकही नाही. तो फक्त स्वतः मारतो. इंग्रजी खेळाडू त्याला सरळ स्वार्थी म्हणतात आणि त्यात शिवी नसते, वर्गवारी असते. लहानपणापासून वाटून खा, भावाला आधी दे, पाहुण्यांसमोर हात आखडता घे, असं ऐकत वाढलेल्या माझ्या पिढीच्या बाईला हे किती गोड वाटत असेल याची कल्पना खेळ बनवणाऱ्यांना नसावी. मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं, की तू तुझं बघ, बाकीच्यांचं बाकीचे बघतील, आणि त्यातच सगळ्यांचं भलं आहे.

पण सामुराई तलवार किती वेळ चालवतो? फार थोडा. उरलेला वेळ तो रांगेत असतो.

हे गणित सोपं आहे. छोट्या मोहिमेला चौघं लागतात : एक टँक, एक हीलर, दोन मारणारे. मोठीला आठ : दोन, दोन, चार. मार खायला कुणी तयार नसतं, मलमपट्टीला त्याहून थोडे. मारायला मात्र अख्खं युरोप हजर. परिणामी टँकला बटण दाबताक्षणी बोलावणं येतं, वर बक्षीसही मिळतं. सामुराई बसून राहतो. भाचा म्हणतो, हा खेळाचा दोष आहे. मला तर इथेच खेळ इतिहासाच्या सर्वांत जवळ गेलेला दिसतो.

जपानच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध हल्ला घ्या. १७०१ साली आकोच्या सरदाराला शोगुनच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या, वाड्यात आपल्या शत्रूवर तलवार उपसल्याबद्दल त्याच दिवशी सेप्पुकू करावं लागलं, म्हणजे पोट चिरून मरावं लागलं. त्याच्या सत्तेचाळीस रोनिनांनी सूड घेतला जानेवारी १७०३ मध्ये. म्हणजे जवळजवळ एकवीस महिने क्यूमध्ये. शत्रू बेसावध व्हावा म्हणून थांबले होते म्हणा, पण थांबले होतेच. (आमच्या खेळात सर्वांत मोठी सर्वसाधारण मोहीम चोवीस जणांची असते. सत्तेचाळीस म्हणजे दोन पूर्ण तुकड्या आणि एक माणूस कमी. तो एक बहुधा हीलर असणार.) याच रोनिनांवर पुढे टीका झाली, की इतकं थांबायचं कशाला, मधल्या काळात शत्रू आजारपणाने मेला असता तर काय केलं असतं? टीका करणारे यामामोतो त्सुनेतोमो. ‘हागाकुरे’ या ग्रंथाचे कर्ते. हसू नका, ग्रंथाचं नाव आहे. वीरधर्मावरचा अतिशय गंभीर ग्रंथ आहे, आणि आमच्या खेळात सामुराईच्या एका बटणालाही तेच नाव दिलेलं आहे.

त्सुनेतोमोंनी स्वतः एकही लढाई पाहिली नव्हती. धनी वारला तेव्हा त्यांना त्याच्यामागे मरायचं होतं, पण तसं करायला बंदी आलेली होती. मग संन्यास घेऊन त्यांनी आठवणी सांगितल्या आणि एका तरुणाने त्या लिहून घेतल्या. मरणाला सतत तयार राहा, हा त्यांचा उपदेश जगभर गाजला. त्याच ग्रंथात चारचौघांत जांभई आली तर ती कशी दाबावी हेही आहे : कपाळावरून हात वरच्या दिशेने फिरवावा, तेवढ्याने भागलं नाही तर तोंड मिटून ओठांवरून जीभ फिरवावी. ड्युसेलडॉर्फला रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात ठाण्याला साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. मरणाचा भाग मी अजून आचरणात आणलेला नाही. कपाळाचा नियमित.

मियामोतो मुसाशीचं उदाहरण तर आणखी बोलकं. १६१२ साली एका बेटावर सासाकी कोजिरोशी त्याचं द्वंद्व ठरलं होतं. मुसाशी मुद्दाम उशिरा आला, येताना होडीतच वल्ह्याची लाकडी तलवार तासली, आणि वाट पाहून चिडलेल्या कोजिरोला तिने मारलं, असं सांगतात. आमच्याकडे हे चाललं नसतं. क्यूमध्ये नंबर लागला की पडद्यावर खिडकी उघडते आणि ‘येतो’ म्हणायला पाऊण मिनिट मिळतं. पाऊण मिनिटात बटण दाबलं नाही तर नाव रांगेतून बाद. मुसाशी किनाऱ्याला लागेपर्यंत कोजिरो दुसऱ्या कुणाला तरी घेऊन गेला असता. (कोजिरोचा गाजलेला घाव, त्सुबामे-गाएशी, खेळात आहे, पण तो सत्तराव्या लेव्हलच्या पुढे मिळतो. हरलेल्याचं तंत्र शिकायला पैसे पडतात.) आणि ते पाऊण मिनिट नेहमी त्याच वेळी सुरू होतं जेव्हा गॅसवर दुसऱ्या दिवशीचं दूध असतं.

रांगेत करायचं काय? खेळात त्याची सोय आहे. आठ कारागिऱ्या आणि तीन प्रकारची कष्टाची कामं शिकता येतात : सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम, स्वयंपाक, खाणकाम, झाडपाला गोळा करणं, मासेमारी. पडद्यावर जिकडे पाहाल तिकडे गंजलेल्या तलवारी बाजूला ठेवून गळ टाकून बसलेले सामुराई दिसतात. भाच्याच्या मते हे वीरांना शोभत नाही. त्याला मी एदो काळाचं वाचन करायला लावलं.

१६१५ला ओसाकाचा किल्ला पडला आणि तिथून पुढची अडीचशे वर्षं जपानात मोठं युद्ध जवळजवळ झालंच नाही. सामुराईंचं मग झालं काय? ते कचेरीत गेले. कमरेला दोन तलवारी लावून खतावण्या लिहू लागले. नागोयाच्या किल्ल्यात ‘आसाही बुन्झाएमोन’ नावाचा एक सामुराई होता. त्याचं पद होतं तातामींचा अधिकारी. किल्ल्यातल्या चटयांची देखरेख. त्याने सव्वीस वर्षं रोजनिशी लिहिली, आणि तिच्यात दारू आहे, नाटकं आहेत, गावगप्पा आहेत. या माणसाला मी ओळखते. तो आमच्या प्रशासन विभागात होता, फर्निचरचं रजिस्टर सांभाळायचा.

पगार तांदळात मिळे. मोजमाप कोकूचं, एक कोकू म्हणजे साधारण दीडशे किलो, एका माणसाचं वर्षभराचं अन्न मानत. पगार पिढ्यान्‌पिढ्या तोच आणि खर्च मात्र एदो शहराचा, त्यामुळे खालच्या फळीतले सामुराई जोडधंदे करत. आओयामा भागातले छत्र्या बनवत. ओकुबोतल्या बंदूकधारी पथकाने अझेलियाची रोपं वाढवायला घेतली आणि त्यांचे बगीचे लोक बघायला येऊ लागले. पायदळातले लोक कुंड्यांत नीलपुष्पीचे वेल लावून विकत. आता सांगा, गळ टाकून बसलेला आमचा सामुराई ऐतिहासिक आहे की सहा हातांच्या राक्षसावर उडी मारणारा?

कर्जाचा भाग तर मी भाच्याला मोठ्याने वाचून दाखवला. तांदूळ विकून रोकड करून देणारे दलाल होते, तेच सामुराईंना पुढच्या पगारावर उचल देत. कर्ज इतकं साठलं, की १७८९ साली मात्सुदाइरा सादानोबू या मुख्य मंत्र्याने शोगुनच्या सेवकांची जुनी कर्जं रद्द करून टाकली. सरळ कर्जमाफी. पुढे काय झालं असेल ते कुठल्याही ग्रामीण शाखेतला शिपाईसुद्धा सांगेल : दलालांनी नवं कर्ज द्यायचं बंद केलं आणि सामुराई आधीपेक्षा अडचणीत आले. दोनशे वर्षांनंतरच्या आमच्या प्रशिक्षण वर्गात हे प्रकरण का शिकवलं नाही, हे मला कळलेलं नाही.

आणि शेवट? १८७६च्या मार्चमध्ये तलवार लावून फिरायला बंदी आली. त्याच वर्षी सरकारने सामुराईंचा वंशपरंपरागत तनखा कायमचा बंद करून एकरकमी सरकारी रोखे हातात दिले. ही जगातली पहिली मोठी व्हीआरएस असावी, असं माझं खासगी मत आहे. पुष्कळांनी ते पैसे धंद्यात घातले आणि बुडवले. इतके, की सामुराईचा धंदा ही जपानीत म्हणच झाली. आमच्या बॅचमधल्या तिघांनी गाळे घेतले होते. अधिक बोलत नाही.

त्यामुळे मालकाने हुकूम काढला की सामुराईने गप्प बसावं, हे खरं म्हणजे परंपरेला धरूनच झालं असतं. पण एप्रिल २०२२ मध्ये योशिदासाहेबांनी सामुराईचं ‘काइतेन’ नावाचं एक बटण काढून घेतलं. पुढचा घाव दीडपट करणारं बटण. कारण दिलं गेलं ते बटणं फार झाल्याचं. जगभरातल्या सामुराईंनी जो आक्रोश केला तो आकोच्या सत्तेचाळिसांना लाजवणारा होता. याचिका झाल्या, निषेध झाले, लांबलचक पत्रं लिहिली गेली. काइतेन काही परत आलं नाही. माझा भाचा अजून सुतकात आहे. “आत्या, तुला काय कळणार, तू नंतर आलीस.” मी त्याला एवढंच विचारलं, की आमचा प्रवासभत्ता बंद झाला तेव्हा तुझी पिढी कुठे होती?

वेशभूषेवर फार वेळ घालवत नाही, कारण ती बघवत नाही. खेळात अंगावरचं चिलखत एक आणि दिसायला दुसरंच, अशी सोय आहे. तिला ग्लॅमर म्हणतात. त्यामुळे मांजराचे कान असलेला सामुराई, पोहण्याच्या कपड्यातला सामुराई, बेडकाचा अंगभर पोशाख चढवलेला सामुराई असे सगळे एकाच मोहिमेत भेटतात. लालाफेल नावाची गुडघ्याएवढी जमात आहे, तिच्यातला सामुराई तलवारीपेक्षा लहान असतो. मी स्वतः गवताची टोपी आणि साधा करडा पोशाख घालते. मोहीम संपल्यावर एकमेकांना शाबासकीचं एक मत द्यायची पद्धत आहे. ते मत बेडकाला पडतं.

आणि या सगळ्या स्वार्थी, भांडखोर, बेडूकवेशधारी मंडळींची सभ्यता बघायची असेल, तर ती लिमिट ब्रेकच्या वेळी बघावी. लढाईत पार्टीचा म्हणून एक सामायिक महाप्रहार साठत जातो. आठ जणांत एक, आणि तो कुणीही एकानेच वापरायचा. टँकने दाबला तर सगळ्यांवर ढाल येते, हीलरने दाबला तर मेलेले उठतात, तलवारवाल्याने दाबला तर बॉसवर जबर घाव बसतो. म्हणून रिवाज असा, की शेवटच्या टप्प्यात तो जवळून लढणाऱ्यांपैकी कुणीतरी दाबावा. परवाच्या मोहिमेत असे चौघं होतो : दोन सामुराई, एक निंजा, एक भिक्षू. तिन्ही पट्ट्या भरल्या. बॉसचा जीव थोडा उरला. आणि ताटलीतल्या शेवटच्या भजीपाशी पाहुणे थबकतात तसे आम्ही चौघेही थबकलो. मी दुसऱ्या सामुराईसाठी थांबले, तो वयाने मोठा वाटत होता. तो निंजासाठी थांबला. निंजाने ‘तुम्ही घ्या’ अशा अर्थाचं वाकून दाखवलं. भिक्षू जर्मन असावा. त्याने आधी नियम विचारला. मी काही बोलणार, तर टाइप करायला हात तलवारीवरून काढावा लागतो, आणि ओरडायची मला परवानगी नाही.

तेवढ्यात हीलरने दाबला. आकाश उजळलं, घंटा वाजल्या, सोनेरी पिसं बरसली आणि मेलेले सगळे उठून उभे राहायला सज्ज झाले. मेलेलं कुणीच नव्हतं.

बॉसने मग ती उणीव भरून काढली.